फळ्यावर नाव आलं, फुटाणे वाटा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता लई थकलोय. रंग उडाला, एक कोपरा वाळवीनं खाल्ला. मुकुंदवाडीत विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर मला ठोकलंय. येणारे-जाणारे मला पाठ टेकून फोनवर बोलतात आणि माझा अर्धा मजकूर शर्टाला लावून घेऊन जातात. तक्रार करायची कुणाकडं?

एका सुतारानं दार करून उरलेल्या लाकडाचा मला बनवला. दार झालो असतो तर निदान रात्री मिटून पडता आलं असतं. पण माझ्या कपाळी इंग्रजी आलं. विहारात संध्याकाळी अतुल सर पोरांची शिकवणी घेतात. त्यांनी मला काळा रंग दिला, वर 'आजचा शब्द' असं लिहिलं आणि नियम घालून दिला. रोज एक इंग्रजी शब्द, खाली सोप्या इंग्रजीत त्याचा अर्थ आणि त्याखाली एक वाक्य. त्या वाक्यात माणूस मात्र आपल्याच गल्लीतला हवा.

"पुस्तकातला जॉन कुणी पाहिलाय?" सर म्हणायचे. "ओळखीचा माणूस घातला की शब्द डोक्यातून जात नाय."

मग काय, गल्लीला येडच लागलं. 'गोजरबाई इज जनरस' असं लिहिलं त्या दिवशी गोजरबाईनं रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते वाचायला लावलं. जनरस म्हणजे देणारी, सढळ हाताची, हे कळल्यावर म्हातारीनं पोरांना ओंजळ ओंजळ फुटाणे वाटले. तेव्हापासून रीतच पडली. ज्याचं नाव फळ्यावर आलं, त्यानं फुटाणे वाटायचे. माझं कौतुक व्हायचं, लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. रोज ओल्या फडक्यानं अंग घासून घेताना जीव मेटाकुटीला यायचा, पण बरं वाटायचं.

समोरच्या घरात सांडू काका राहतात. चितेगावच्या एका कंपनीत ते कामाला होते. रोज सकाळी बायकोनं, म्हणजे रत्नमाला काकूंनी दिलेला डबा घेऊन ते निघायचे. एकदा ते मलाच टेकून फोनवर हळू आवाजात म्हणाले, "काम गेलं रे. घरी नाय सांगितलं अजून. तोंडच उघडत नाय. टेसनावर बसून राहतो दिवसभर." त्यानंतरही ते रोज डबा घेऊन निघायचे. मी बघायचो.

आणि एक दिवस शब्द लिहायची पाळी शिकवणीतल्या प्रेरणाची आली, तिनं खडू हातात घेतला. पोरगी मोठी गुणी. तिचे वडील त्याच कंपनीत आहेत. कुणाकुणाचं काम गेलं ते तिनं घरी ऐकलेलं. तिला वाटलं, सगळ्यांना ठाऊकच असेल. तिनं सुबक अक्षरात लिहिलं, 'अनएम्प्लॉइड'. खाली अर्थ, 'हॅविंग नो वर्क'. आणि त्याखाली, 'सांडू काका इज अनएम्प्लॉइड'.

अरे देवा! मधेच खडू मोडला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण तिनं दुसरा घेतला. फळ्याचं कोण ऐकतं?

थोड्या वेळानं रत्नमाला काकू आल्या. इंग्रजी येत नाही, पण मराठी अक्षरांत लिहिलेलं नवऱ्याचं नाव त्यांना दुरूनही ओळखता आलं. पदर सावरत, हातात फुटाण्यांची पिशवी घेऊन त्या उभ्या राहिल्या. "आमच्या मालकाचं नाव आलं ना? घ्या रे पोरांनो, घ्या!"

एकाही पोराचा हात पुढं झाला नाही. मोठी पोरं खाली बघत होती.

"काय गं प्रेरणा, काय लिवलंय? चांगलंच आसंल की."

काकूंना काहीच ठाऊक नाही, हे प्रेरणाला आत्ता कळलं. तेवढ्यात सांडू काका रोजच्या वेळेला रिकामा डबा घेऊन आले. आपलं नाव दिसलं, बायकोच्या हातातली पिशवी दिसली, पोरांची तोंडं दिसली. ते समजले.

"वाच पोरी," ते म्हणाले. "घाबरू नको. मराठीत सांग."

"काका... ज्याला काम नाही, तो," असं म्हणून ती रडायलाच लागली.

"बराबर लिवलंय तिनं," काका बायकोकडं न बघता म्हणाले. "रत्ने, काम गेलंय माझं. टेसनावर बसतो मी."

काकूंनी त्यांच्या हातातल्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आन् डबा?"

"तिथंच खातो."

"एकलेच?"

काकांनी नुसती मान हलवली. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवी काकांच्या हातात दिली. "नाव तुमचं आलंय नव्हं? मंग तुमीच वाटा."

आणि सांडू काकांनी वाटले. पहिली मूठ प्रेरणाला दिली.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडून सांगितलं असतं. शब्द पाठ करा, अर्थ पाठ करा, भरपूर वाक्यं करा. पण वाक्यात कुणाला बसवायच्या आधी त्याच्या दारात जाऊन या. मी लाकडाचा आहे, मला काहीही लिहिलेलं सोसतं. माणसाला नाही सोसत.

दुसऱ्या दिवशी प्रेरणा आधी समोरच्या घरी गेली. दार उघडंच होतं. "काका, काकू, आज तुमचं नाव घेऊ?" काकांनी शब्द विचारला, अर्थ ऐकला आणि म्हणाले, "घे." मग ती माझ्याकडं आली. माझं थकलेलं अंग तिनं हळू हातानं पुसलं आणि लिहिलं, 'टुगेदर'. त्याखाली वाक्य होतं, 'सांडू काका अँड रत्नमाला काकू ईट टुगेदर'.