दुपारी दोनचा तंबू

मागच्या उन्हाळ्यात मी घेतलेला तंबू वॉटरप्रूफ होता. मे महिन्यात, देऊळगाव राजात, वॉटरप्रूफ! पण खोक्यावर ते वाचून माझी कॉलर ताठ झाली होती. गडद हिरवा रंग, जाड कापड, सहा माणसांचा. आम्ही चारच: मी, बायको जयमाला, मुलगी प्राची आणि माझी आई, सोजराबाई. खडकपूर्णा धरणाच्या काठी तो ठोकला. धूळ येते म्हणून खिडक्यांच्या चेनाही मीच लावल्या. दुपारी आई त्यातच चक्कर येऊन पडली. दोन दिवस सलाइन लागलं.

यंदा शाळेला सुट्ट्या लागल्या आणि प्राचीनं पुन्हा धरणाचा विषय काढला.

"तुमी जा, म्या घर सांभाळतो," आई म्हणाली.

"मग मी पण नाही," प्राचीनं जाहीर केलं.

आईनं वर्षभरात मला एका शब्दानं दोष दिला नव्हता. तेच मनाला जास्त लागत होतं. ती यायलाच हवी होती, आणि त्यासाठी तंबू बदलायला हवा होता. आठवडाभर मी मोबाइलवर तंबू पाहत बसलो. दुधानं तोंड पोळलं होतं, त्यामुळे आता ताकही फुंकून पीत होतो. एकही पसंत पडेना.

"अहो, आईले विचारा ना," जयमाला शेवटी वैतागली. "अठरा वर्षं शेडनेटमधी गेले त्यांचे."

खरंच होतं. आमचा मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट. जाळीखाली उभं राहून फुलाफुलाला पराग लावायचं काम आईचंच. ऊन कुठे कोंडतं, हवा कुठून निघते, तिला अंगानं कळतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा घालत होतो मी.

विचारलं, तर तिनं मोबाइलकडे बघितलंही नाही.

"जुना हाये ना? ठोक आंगनात."

"काऊन?"

"ठोक त खरा."

ठोकला. दुपारचे दोन वाजले होते.

"आता बस अंदर. चेन लाव, मागल्या साली लावली होती तशी."

पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. मग कानात गुणगुणायला लागलं. चेन ओढून मी अक्षरशः रांगत बाहेर आलो. लिंबाखाली आई पन्ह्याचा तांब्या घेऊन बसली होती.

"किती झालं व प्राची?"

"बारा मिनिटं, आजी."

"म्या दीड घंटा काढला होता," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"मग बाहेर काऊन नाही आली तू?"

"तू घडीघडी इचारत होता, 'आई, मस्त हाये ना?' येवढ्या हौसेनं आनला होता. म्या म्हनलं, 'हाव, मस्त.'"

मग मला आठवलं. तंबू ठोकताना तिनं विचारलं होतं, "याच्यात हवा कुठून येईन?" आणि मी म्हणालो होतो, "आई, तुले काय समजते त्यातलं?" मला स्वतःची लाज वाटली.

तांब्या रिकामा झाल्यावर तिनं चष्मा लावला आणि मोबाइल मागितला. दहा मिनिटांत तंबू ठरला. रंग पांढुरका, उभं राहता येईल एवढी उंची, समोरासमोर दोन दारं, दोन्हींना जाळी. छतालाही जाळी आणि तिच्यावर वीतभर अंतर सोडून वेगळं कापड. "वरून गरमी निंगून जाईन," ती म्हणाली. "अन् ठोकाचा झाडाखाली. भर दुपारी अंदर कोनी बसाचं नाही."

चार दिवसांनी तंबू आला. मी तो लिंबाखाली ठोकला आणि बरोबर दोन वाजता एकटाच आत जाऊन बसलो. अर्धा तास झाला. जाळीबाहेर आईचे पाय दिसले.

"कसं हाये रे गजेंद्र?"

'मस्त' हा शब्द जिभेवर आला होता. तो गिळला.

"गरम होते, आई. घाम येऊन राह्यला. पन हवा खेळते, जीव नाही घाबरत."

ती वाकून जाळीतून माझ्याकडे पाहत राहिली.

"आता खरं बोलला," ती म्हणाली. "जयमाला, माही पिशवी बी भर व."