धुरकट काळी

बाईंनी रुमाल पाण्यात बुडवला, घट्ट पिळला आणि शिंगराच्या पाठीवर खसाखसा घासला. मग तो दाराच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिला. रुमाल पांढराच होता.

"रंग उतरायचा नाही, बाई," शिंगराला छातीशी धरून उभा असलेला, तबेल्यातली जनावरं सांभाळणारा मामा म्हणाला. "आईच्या पोटातूनच तसं आलंय ते."

"ते मी ठरवीन," बाई म्हणाल्या आणि रुमालाची दुसरी बाजू घेऊन पुन्हा घासू लागल्या.

घोड्यांच्या नोंदणी कार्यालयात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. नवं शिंगरू जन्मलं की तबेल्यावर जायचं, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि कार्यालयात परतून रंग, खुणा, आईबाप असं सगळं नोंदवहीत चढवायचं, हे त्यांचं काम. एवढ्या वर्षांत त्यांनी कपाळावर चुन्याने काढलेली चांदणी पकडली होती, मेलेल्या घोड्याचे कागद जिवंत घोड्याच्या नावावर चालवणारे पकडले होते. संशय अंगात इतका मुरला होता, की घरी दुधाची पिशवीसुद्धा त्या दोनदा हुंगून घेत. नवरा म्हणायचा, "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हिने आधी माझा चेहरा फोटोशी ताडून पाहिला, मग हार घातला." बाई हसायच्या नाहीत, कारण ते खरं होतं.

आणि आज समोर हे शिंगरू होतं. अंग नव्या पितळेसारखं सोनेरी, आयाळ आणि शेपूट पांढरी. आई काळी. बाप तांबडा. त्या जोडीतून काळं, तांबडं, फार तर तपकिरी पिल्लू निघालं असतं. सोनेरी रंग हवेतून येत नाही. तांबड्या रंगाला फिकट करणारं एक जनुक असतं, ते आईकडून किंवा बापाकडून यावंच लागतं. तांबड्या घोड्यात ते लपून राहूच शकत नाही, असलं तर तो घोडा स्वतःच सोनेरी दिसतो. आणि आई तर वहीप्रमाणे शुद्ध काळी. म्हणजे हा बाप नव्हे.

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. लाकडी कुंपणापलीकडे शेजारच्या तबेल्याचं कुरण होतं आणि तिथे एक सोनेरी घोडा ऊन खात उभा होता.

"तो कोणाचा?"

"शेजाऱ्यांचा," मामा म्हणाला. त्यालाही कळलं. मान हलवत तो म्हणाला, "नाही हो बाई. तसलं काही नाही. घोडी मी स्वतः तांबड्याला दाखवली होती. दोनदा."

"त्या आठवड्यात कुंपणाला काही झालं होतं?"

मामाने शिंगराच्या मानेवरून हात फिरवला. 'नाही' म्हणाला असता, तर विषय तिथेच मिटला असता. विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"एक फळी निघाली होती," तो म्हणाला. "सकाळी दिसली, लगेच ठोकून टाकली. पण एका फळीच्या फटीतून फार तर कुत्रं जाईल, घोडा कसला जातोय?"

बाईंनी लिहून घेतलं. फळीचं लिहिलं. कुत्र्याचं लिहिलं नाही.

"बाई, एक सांगू का?" मामा जरा चाचरत म्हणाला. "ही घोडी काळी नाही. मी तेव्हाही म्हणालो होतो. जन्मली तेव्हा राखेच्या रंगाची होती."

"काळी शिंगरं जन्मतात ती राखाडीच असतात."

"आणि उन्हाळ्यात कुशीला कॉफीसारखा रंग चढतो."

"काळी घोडी उन्हाने करपते. त्यात नवल काय?"

"कानातले केस बघा तरी. पिवळट आहेत."

बाईंनी कानात पाहिलं नाही. आपली चूक झाकायला माणूस काय काय शोधून काढतो, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी घोडी, तांबडा आणि शिंगरू, तिघांच्या आयाळीचे केस मुळासकट उपटले, तीन पाकिटांत घातले, पाकिटं चिकटवून त्यांवर सही केली. मामाने तिसरं पाकीट धरायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी ते चटकन आपल्याकडे ओढून घेतलं.

मामाचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने तो पँटला पुसला.

त्याच संध्याकाळी त्यांनी तात्पुरता अहवाल लिहिला: 'पितृत्व संशयास्पद. सांभाळणाऱ्याच्या कबुलीनुसार त्या काळात कुंपण तुटलेलं होतं.' एक प्रत तबेल्याच्या मालकाला गेली. कबुली हा शब्द लिहिताना पेन जरा अडखळलं होतं, पण दुसरा शब्द सुचला नाही.

पाच दिवसांनी मालकाचा फोन आला. "बाई, मी त्याला काढून टाकलं."

"अहो, अजून प्रयोगशाळेचं उत्तर यायचंय."

"तुम्ही लिहिलंत ते पुरेसं आहे. बावीस वर्षं माझ्या तबेल्यात होता आणि फळी तुटल्याचं एका शब्दाने सांगितलं नाही. असल्या माणसाच्या हाती जनावरं कशी सोडायची?"

बाईंनी फोन ठेवला. बरोबरच केलं त्यांनी, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी तेच चार वेळा म्हटलं.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचं पाकीट आलं. बाईंनी ते उभ्यानेच फोडलं आणि वाचता वाचता खुर्चीत बसल्या. शिंगराचा बाप तांबडाच. शंकेला जागा नाही. आणि आईकडे फिकट करणाऱ्या जनुकाची एक प्रत. खाली तपासनिसाने शेरा मारला होता: 'या जनुकाची एकच प्रत असेल तर तांबडा रंग सोनेरी होतो, मात्र काळ्या रंगावर तिचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. घोडी शुद्ध काळी नसून धुरकट काळी आहे.'

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. नवीन लोकांना त्या स्वतः शिकवत, की काळ्या अंगाखाली हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतं. पण वहीत घोडीच्या नावापुढे 'काळी, शुद्ध' असं लिहिलेलं होतं, आणि अक्षर त्यांचंच होतं. साऱ्या जगावर संशय घेताना त्या अक्षरावर घ्यायचा राहून गेला.

नऊ वर्षांपूर्वीची वही त्यांनी कपाटातून काढली. पान सापडलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात ओळ होती: 'सांभाळणाऱ्याचं म्हणणं, रंग धुरकट. ग्राह्य नाही.'

त्यांना तो दिवस आठवेना. मामा तेव्हा कसा दिसायचा, तेही आठवेना. ओळ मात्र होती.

मालकांना त्यांनी फोनवर निकाल वाचून दाखवला. मग मालक म्हणाले, "येऊ दे की परत त्याला. माझी ना नाही. तुम्हीच निरोप द्या."

मामा सापडला गावाबाहेर, मालवाहू गाड्या धुण्याच्या जागी. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याची नळी. बाईंना पाहून त्याने पाणी बंद केलं, पण जवळ आला नाही.

"अजून काही विचारायचं राहिलंय?"

"नाही. सांगायला आले आहे. शिंगरू तांबड्याचंच आहे. तुमचं खरं होतं."

मामाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. अशी नजर बाईंना चांगली ओळखीची होती. आजवर ती त्यांनी दुसऱ्यांवर रोखली होती.

"लेखी आहे?" त्याने विचारलं.

त्यांनी कागद दिला. मामाने ओल्या बोटांनी तो नुसत्या कडांना धरून दोनदा वाचला. मग शिक्का पाहिला, तारीख पाहिली.

"शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं," तो हळूच म्हणाला, "की फट मोठी असेल. आपल्यालाच नीट आठवत नसेल. लेक म्हणायची, बाबा, घोडा गेला असेल हो, कबूल करा आणि मोकळे व्हा. मीही करणार होतो."

बाई म्हणाल्या, "मालक परत बोलावतायत."

"माझ्या जागी माणूस ठेवला ना?"

"ठेवलाय."

"मग त्याला कशाला उठवायचं? आणि परत गेलो, तर तिथली कुठलीही फळी हलली की मालक आधी माझ्याकडे बघणार. त्यांचाही इलाज नाही." त्याने कागद परत दिला. "घोडी खाते का नीट?"

"खाते."

"कानाला हात लावू देत नाही कोणाला. नव्या माणसाला सांगा, आधी मानेवरून सुरुवात कर म्हणावं."

"सांगते." बाईंनी पिशवीतून नोंदवही काढली. वही कार्यालयाबाहेर न्यायची नसते. एकतीस वर्षांत त्यांनी ती कधी नेली नव्हती. गाडीच्या बॉनेटवर कोरडी जागा पाहून त्यांनी पान उघडलं, 'काळी, शुद्ध' यावर रेघ मारली, वर 'धुरकट काळी' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'मूळ नोंद करणाऱ्याची चूक.' आणि खाली आपली सही केली.

"दुरुस्तीला एक साक्षीदार लागतो," त्या म्हणाल्या. "तुमची सही हवी होती."

मामाने शर्टाच्या आतल्या बाजूला हात कोरडे केले. पेन घेतलं. नाव लिहिलं, सही केली. पेन पुढच्या रकान्यापाशी थांबलं.

"इथे हुद्दा विचारलाय," तो म्हणाला. "काय लिहू?"

बाई रकान्यावरचा छापील शब्द वाचत राहिल्या. मग रकाना कोरा ठेवून मामाने पेनाचं टोपण लावलं, पेन त्यांच्या हातात दिलं, आणि वहीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून त्या ती मिटेपर्यंत नळी बंदच धरून उभा राहिला.