डोहात जागा

वरंधकडच्या रस्त्यावर टेम्पो खड्ड्यात आदळला, तसं शर्मिलाने पिंपाचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. आतून धाडकन शेपटी बसली. पाणी उडून साडीवर आलं. महाडपासून ती अशीच भिजत आली होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"वैनी, पंप चालू हाय नं?" किशोरने पुढून विचारलं. टेम्पो त्याचा. शेजारधर्म म्हणून आला खरा, पण एका माशापायी दिवस मोडला म्हणून सकाळपासून कुरकुरत होता.

"चालू आहे. तू हळू घे रे."

पिंपात बाळ्या होता. लेकीने, दीक्षाने, आणला तेव्हा बोटाएवढा. लाल शेपटी, लांब मिशा, बघणारा हसायचाच. दीक्षा नोकरीला मुंबईला गेली आणि बाळ्या वाढतच राहिला. आता हातभर झाला होता. टाकीत वळताना त्याचं अंग दुमडायचं. काचेवर घासून नाक सोललं होतं, आणि हल्ली तो एका कोपऱ्यात तोंड खुपसून पडून असायचा. ज्याने विकला त्या दुकानदाराने हात वर केले. नात्याचा शेततळेवाला म्हणाला, माझे रोहू काय याच्या पोटात घालू? एकाने तर सरळ रस्सा करा म्हणून सांगितलं. रोज पंचशील म्हणणाऱ्या शर्मिलाला त्या दिवशी घास गिळवला नाही.

शेवटी कुणीतरी देवीच्या डोहाचं नाव काढलं. तिथले मासे देवीचे. त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि मोठाले मासे तोंडं वर काढून खातात. शर्मिलाच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखेरीज दुसरं काही नव्हतं. पण आज ती देवीपुढेही पदर पसरायला तयार होती. अडचण एकच होती. बाळ्या मासे खायचा.

डोहाची राखण करणारा म्हातारा, मोरूबाबा, काठावरच बसला होता. पिंप उतरवल्यावर त्याने झाकण उचलून आत पाहिलं.

"खातो काय?"

"कुरमुरे." वाटभर घोकलेलं उत्तर तिने दिलं. "फक्त कुरमुरे. गरीब आहे हो बाबा."

मोरूबाबाने पिशवीतून मूठभर कुरमुरे काढून पाण्यावर टाकले. ते तरंगत राहिले. एकही तोंड वर आलं नाही. मग त्याने फडक्यात बांधलेली कोंबडीची आतडी भिरकावली. पाणी फुटलं. एक लाल शेपटी, मागून दुसरी, मग सुसरीसारख्या जबड्याचा एक लांबडा मासा. सगळे एकमेकांवर तुटून पडले.

"ह्यो लांबडा महाडच्या एका सायबानं सोडलेला. त्या दोन लाल शेपट्या पोलादपूरच्या. देवीचा एकपन ऱ्हायला नाय, बाय. यांनीच खाल्ले."

शर्मिलाने पिंपाचा काठ धरला.

"आनि सगळे कुरमुरेच खानारे होते," तो म्हणाला.

"गावाला माहीत नाय?" किशोरने विचारलं.

"कोन सांगनार? येतात, नारळ फोडतात. मी म्हनतो, आज मासे तळाला हायत."

शर्मिला खडकावर बसली. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "परत नेते त्याला," ती कशीबशी म्हणाली. पण परत कुठे? त्याच काचेत? पिंपात बाळ्या कुशीवर कलला होता.

"सोड," मोरूबाबा म्हणाला. "आता काय राखायचं ऱ्हायलंय हितं."

तिघांनी पिंप कलतं केलं. बाळ्या तिच्या पायाशी घुटमळला, नेहमीसारखा तिच्या बोटाला येऊन टेकला आणि मग गेला. शर्मिला ओक्साबोक्शी रडली. किशोर डोंगराकडे बघत उभा राहिला.

"पिंप मोकळं झालं नं?" तिचं रडणं ओसरल्यावर मोरूबाबा म्हणाला. "घे नि चल माज्यासंगती."

त्याच्या घरामागे गुरांना पाणी पाजायची दगडी दोण होती. तळाशी बोटबोटभर रुपेरी मासे एकमेकांना चिकटून बसले होते.

"पावसात वढ्याला चढलेली पिल्लं. फडक्यानं धरली. आता उनानं पानी तापतं, रोज एखादं मरून वर येतं. देवीचे एवढेच उरलेत." त्याने हात जोडले, ते तिला. "तुजी काच आता मोकळीच हाय नं गो?"

हे मासे केवढे होतात, ते तिने ऐकलं होतं. काच किती लवकर अपुरी पडते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती खाली वाकून तांब्याने दोणीतलं पाणी पिंपात भरू लागली.

टेम्पो सुरू झाल्यावर तिने मागून हाक मारली.

"बाबा, खातात काय हे?"

"कुरमुरे," तो म्हणाला.