इम्पीरियलच्या दारातलं प्रेत

आमच्या अँब्रोझदादाला मोठेपणाची हौस फार. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींवर आईने तंबू ठोकून खाणवाल्यांना मटण-बटाटे वाढले, त्यातून हे दुमजली हॉटेल उभं राहिलं. आई गेली आणि यानं पाटी बदलली. सज्ज्यातून थुंकलं तर चिखलात पडायचं, पण नाव 'इम्पीरियल'.

दारूचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे. तो गेला की आमचं हॉटेलही गेलं. त्या वर्षी सुनावणीच्या आदल्या दिवशी दादाने परवाना देणाऱ्या मॅजिस्ट्रेटसाहेबांना दुपारी जेवायला बोलावलं. बदक भाजलं होतं, आणि दादाने केस असे चापून बसवले होते की माशी घसरावी.

मी सूप वाढत होते तेवढ्यात दार वाजलं. चौघे खाणवाले होते आणि त्यांच्या खांद्यावरच्या फळीवर पाचवा. दरड अंगावर येऊन मेला होता. मरणाची चौकशी होईपर्यंत प्रेत जवळच्या हॉटेलात ठेवून घ्यायचं, अशी परवान्याची अटच असते. आई तर जेवणाचं टेबल रिकामं करून द्यायची.

"मालक, आपला नेड कोलिव्हर," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "कुठे ठेवू?"

"आत मोठी माणसं जेवतायत," दादा दार अडवून पुटपुटला. "ओढ्यापलीकडे न्या, डूलनबाईच्या हॉटेलात."

"अरे दादा, तो रोज आपल्याकडे जेवायचा," मी म्हणाले.

"तू गप गं. सूप गार होतंय."

मला त्याची किळस आली. सख्खा भाऊ असून आली.

बदक पुरतं कापलंही नव्हतं, तोच साहेबांना शिपाई बोलवायला आला. या भागात मेलेल्यांची चौकशीही तेच करत. सगळ्या खाणीला हे ठाऊक होतं, फक्त आमच्या शहाण्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"प्रेत कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"ओढ्यापलीकडे, डूलनबाईच्या हॉटेलात," शिपाई म्हणाला.

"जवळचं हॉटेल तर हे."

"साहेब, तुमच्या जेवणाचा विचका नको म्हणून..." दादा हसत म्हणाला. साहेब हसले नाहीत. रुमाल टेबलावर टाकून ते उठले.

चौकशीला अख्खी खाण डूलनबाईकडे लोटली आणि नेडच्या नावाने तिथेच प्यायली. दुसऱ्या दिवशी आमचा परवाना गेला. मी ओढा ओलांडून बाईकडे वाढपाचं काम धरलं.

आठवड्याभराने दादा तिच्या दारात आला. केस विस्कटलेले होते.

"केझाया, घरी चल गं. एकटा काय करू मी?"

"आत माणसं जेवतायत, दादा," मी म्हणाले. "सूप गार होतंय."