जशवंतीबांची दाढ

वढवाणच्या बाजारात दोशींचं खाखऱ्याचं दुकान होतं. भाजायची सून, बीजल. पण सासूबाईंनी, म्हणजे जशवंतीबांनी, दाढेखाली मोडून पाहिल्याशिवाय एकही थप्पी दुकानात जात नसे. लग्न होऊन आल्यापासून बांनी सुनेला कधी 'छान' म्हटलं नव्हतं. हल्ली मात्र उठसूट म्हणायच्या. दाढ उभी चिरली होती, त्यामुळे खाखरा चहात बुडवून खायच्या आणि कसाही असला तरी छान म्हणायच्या. बीजलला ते कौतुक नकोसं झालं होतं. तिला तिच्या जुन्या, खाष्ट बा परत हव्या होत्या.

शेवटी दाढ काढायची ठरली. "नुसती काढली तर तिथलं हाड झिजत जाईल," डॉक्टर कृपाबेन म्हणाल्या. "मग नवी दाढ रोवायची कशात? म्हणून खड्ड्यात लगेच भुकटी भरू."

"कशाची भुकटी?" बांनी विचारलं.

भुकटी कशाची असणार हे ताडून बीजलने डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावलं. बा कट्टर जैन, कांदा-बटाट्याला शिवत नाहीत, दिवस मावळल्यावर पाणीही पीत नाहीत. पण न सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"गाईच्या हाडाची," डॉक्टर म्हणाल्या.

बा खुर्चीवरून उतरून चपला शोधू लागल्या. "राहू दे बाई. बोळक्याने मरेन. आणि तू गं, डोळे कसले मारतेस? दाढ चिरलीय माझी, डोळे शाबूत आहेत!"

बीजल शरमेने लाल झाली.

"बसा हो बा," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा उपाय आहे. तुमचीच दाढ काढायची, साफ करायची, दळायची आणि तिथंच भरायची."

"माझीच? म्हणजे कुणा जिवाला इजा नाही?"

"तुम्हालाच काय ती. सुई टोचेल तेवढी."

बा पुन्हा खुर्चीवर चढल्या. "दळण नीट करा म्हणजे झालं. आमच्या सूनबाईसारखं जाडंभरडं नको."

होळीनंतर भरलेला खड्डा पर्युषण सरेपर्यंत हाडाने चांगला भरून आला. डॉक्टरांनी त्यात खुंटी रोवली, काही महिन्यांनी हाडाने ती पक्की धरल्यावर तिच्यावर नवी दाढ बसवली. दुसऱ्या सकाळी बीजलने बांपुढे खाखरा ठेवला आणि चहा मुद्दाम मागे ठेवला.

कडकन आवाज झाला. बा सावकाश चावत राहिल्या. बीजलचा जीव टांगणीला लागला.

"मधे कच्चा राहिलाय," बा म्हणाल्या. "लक्ष कुठं असतं तुझं?"

"पुन्हा भाजते, बा," बीजल म्हणाली आणि डोळे पुसत, हसत तव्याकडे पळाली.