कठड्याची शिडी

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. पण रंगारीबुवा, ही जी शिडी तुम्ही मघापासून उलटीपालटी करून बघताय, तिच्या वरच्या टोकाला कमरेइतका कठडा आहे ना, तो मी ढगात उभा राहून सुचवलेला आहे. हसू नका. आधी ऐका, मग घ्यायची तर घ्या नाहीतर ठेवा. शिडीचं म्हणतोय मी, माझ्या बोलण्याचं नाही.

हा कारखाना माझ्या अक्काचा. ती बघा, काउंटरमागे सुतळी कापत बसलीय. तिचं आपल्याकडे लक्ष नाही असं तुम्हाला वाटेल, तसं वाटणारे आजवर बरेच जण फसलेत. मी तिचा धाकटा भाऊ. शिड्या मागच्या शेडमध्ये तयार होतात, आणि एकही शिडी माझ्या हातून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. तपासणीचं काम माझ्याकडे.

तर एकदा काय झालं, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दुकानांना माल पुरवणारा घाऊक व्यापारी, इथेच, तुम्ही उभे आहात तिथे येऊन उभा राहिला आणि अक्काला म्हणाला, तुमच्या शिडीत आणि इतरांच्या शिडीत फरक काय तेवढा सांगा. अक्का म्हणाली, आमची मोडत नाही. तो म्हणाला, हल्ली कोणाचीच मोडत नाही. सोमवारपर्यंत काहीतरी नवं दाखवा, नाहीतर मी दुसरीकडून माल उचलतो. तो गेला असता तर शेडला कुलूपच लागलं असतं. अक्काने त्या दिवशी चहा केला आणि प्यायला विसरली. तिने चहा वाया घालवलेला मी जन्मात तेवढाच पाहिला.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे नेमके त्याच आठवड्यात जावईबापू सुट्टीवर आले. अक्काचे जावई. एका मोठ्या कंपनीत, वस्तूंना नवं रूप देण्याच्या खात्यात. म्हणजे दिवसभर टेबलाभोवती बसायचं आणि किटलीला कान एकच का, असं एकमेकांना विचारायचं. सासूबाईंचा उतरलेला चेहरा बघून ते म्हणाले, आई, कल्पना सुचण्याची वाट बघायची नसते. वस्तूला प्रश्न विचारायचे असतात, आणि ओळीने विचारायचे असतात. खिशातून त्यांनी सात पत्ते काढले. प्रत्येकावर एक प्रश्न. आणि वर एक नियम, की प्रश्न चालू असताना कोणी ‘नाही’ म्हणायचं नाही.

आता आमचा फिटर. त्याला आम्ही नन्नाच म्हणतो, कारण पाढा त्याला एकच येतो. या नियमाने त्याचं तोंडच शिवलं गेलं. दोन दिवस तो बिचारा ‘न’ म्हणून थांबायचा आणि घोटभर पाणी प्यायचा.

पहिला पत्ता आला, कशाऐवजी काय लावता येईल. मी म्हटलं, पायऱ्यांऐवजी दोर लावा. छान, म्हणाले जावईबापू. मी म्हटलं, दोराऐवजी शिवणाचा दोरा लावा. तेही छान. माणसाला शिव्या दिलेल्या चालतात हो, पण असं उठताबसता ‘छान’ ऐकून डोकं भणभणतं. जावई पडले, तोडून बोलायची सोय नाही. अक्का पदराने घाम पुसत होती आणि अगदी गोड आवाजात विचारत होती, पुढचा पत्ता कधी?

पुढचा पत्ता होता, कशाला जोडता येईल. इस्त्रीच्या टेबलाला जोडली. झालं काय, तर इस्त्री करायची असेल तर चौथ्या पायरीवर चढायला लागायचं आणि कपडे खाली राहायचे. मग म्हणे दुसऱ्या कुठल्या कामाला येईल. त्यावर मी म्हटलं, सोमवारनंतर सरपणाला. जावईबापू म्हणाले, मामा, शिडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, पण विचार छान आहे.

खरा घोळ घातला तो ‘काय काढून टाकता येईल’ने. एक आड एक पायरी काढली. वजन कमी झालं, छान. उरलेल्या काढल्या. आणखी छान. समोर दोन दांडे उरले, ते धरून मी एकीकडे उभा आणि नन्ना दुसरीकडे, तरी यांचा पत्ता वरच. आणखी काय काढता येईल? नन्ना म्हणाला, मला काढा. आणि हातमोजे दांड्यावर अडकवून घरी निघून गेला. त्याला परत आणायला अक्काला स्वतः जायला लागलं.

आणि हे खूळ घरापर्यंत पोचलं. माझ्या खिशात राहिलेला एक पत्ता बायकोच्या हाती लागला. तिने तो वाचला, मग मला वरून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाली, याच्याऐवजी काय चालेल? मी पत्ता हिसकावून घेतला. पण प्रश्न एकदा घरात शिरला की जात नाही. अजून कधी मी काही सांडलं, की ती नुसती तशी बघते.

रविवार उजाडला तेव्हा शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे मेलेल्या शिड्या. एक तीन पायांची, एक चाकं लावल्यामुळे कुंपणात जाऊन आडवी झालेली, एक नुसती उतरायची. तिच्यावर चढायचं कसं ते जावईबापूंनाही ठाऊक नव्हतं. नवा पाइप जवळजवळ संपला होता. तेव्हा अक्का, जी जावयासमोर कधी आवाज चढवत नाही, ती न चढवताच म्हणाली, “जावईबापू, तुमचे प्रश्न कधी संपतात ते सांगा. माझ्या शिड्या संपत आल्यात.”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. दोनच पत्ते उरलेत, म्हणाले. एक, लहान किंवा मोठं करा. दुसरा, उलटं करा.

आता इथून पुढचं तुम्हाला पटणार नाही, पण मी काय करू. नन्ना चिडलेला होताच. मोठं करा काय, म्हणाला, करून दाखवतो. त्याने राहिलेले पाइप एकात एक घातले, दुर्बिणीसारखे, आणि दिली वरच्याला ओढ. शिडी निघाली. छपराच्या खिडकीतून बाहेर पडली, समोरच्या पाण्याच्या टाकीला मागे टाकलं, घारीला वळसा घालायला लावला, आणि ढगाला जाऊन टेकली. टेकवायला भिंत लागलीच नाही. ढगच असा दाट होता.

वर कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे अगदी खरं आहे, अक्काला विचारा, सगळ्यांनी एकदम माझ्याकडेच पाहिलं. मी बाह्या सरसावल्या आणि चढलो. खाली अक्का काडेपेटीएवढी, नन्ना काडीएवढा. वर गारवा असा, की पाइपला दव सुटलेलं. शेवटच्या पायरीवर पोचलो, दोन्ही हात सोडले, कमरेवर ठेवले, आणि खाली पाहिलं. तेव्हा मनात आलं, माझ्यासारख्याचं ठीक आहे हो, पण एखादा भित्रा बापडा इथे आला तर त्याने काय धरावं? झालं. तिथूनच हाक दिली, नन्ना, इथे कमरेशी कठडा लाव. नन्नाने उरलासुरला पाइप वाकवला, नेहमीच्या घडीच्या शिडीला वर बसवला. सोमवारी व्यापारी आला, चढला, कठड्याला टेकून त्याने दोन्ही हात छताला लावले, आणि खाली उतरायच्या आत वरूनच माल सांगितला. ती ही शिडी. आज शेड चालते ती हिच्यावर. तुम्ही दिवसभर छत रंगवता, रंगारीबुवा, एका हातात डबा, एका हातात ब्रश. धरणार कशाने? पोटाने टेका. बघा, मी एवढ्या उंचावरून तुमचा विचार केला होता.

रंगाऱ्याने कठड्यावर हात फिरवला, आणि मला न विचारता सरळ काउंटरकडे बघून विचारलं, हे खरं का, अक्का?

अक्काने सुतळी दाताने तोडली.

“ढगात नव्हता. दुसऱ्या पायरीवर होता,” ती म्हणाली. “शेवटचा पत्ता होता उलटं करा. जावईबापू म्हणाले, शिडीवर कोण चढतं ते पुष्कळ विचारून झालं, आता कोण चढत नाही ते सांगा. तेव्हा सगळ्यांनी याच्याकडे पाहिलं. माझ्यासाठी म्हणून चढला, दुसऱ्या पायरीवर डोळे मिटून दांड्याला जी मिठी मारली, ती सोडवायला नन्नाला एकेक बोट उचकटायला लागलं. काय दिलं तर वर जाशील असं विचारलं, तर म्हणाला, अक्का, पोटाशी काहीतरी दे गं. ते दिलं. बाकी याच्या हातून प्रत्येक शिडी जाते, ते खरं आहे. खाली उभा राहून हलवून बघतो. पायाखालून आजवर एकही गेलेली नाही.”