धाकट्या मास्तरांचं मनगट

“बुडबुडा आहे,” लेन्सवाल्या मॅडम म्हणाल्या.

“असणारच नाही,” धाकटे मास्तर म्हणाले.

बुडबुडा धाकट्या मास्तरांच्या उजव्या डोळ्यात होता आणि मॅडम तो यंत्रातून बघत होत्या, तेव्हा वादाला तशी फारशी जागा नव्हती. पण गिऱ्हाइकाने दाखवलेली चूक आधी साफ नाकारायची आणि मग मुकाट्याने दुरुस्त करायची, ही सलूनमधली रीत त्यांच्या अंगात मुरली होती.

“डाव्यातही आहे. घरी घातल्यात की दुकानात?”

“दुकानात. तुम्ही शिकवलं तश्शाच. लेन्सच चुकतेय, मॅडम.”

धाकट्या मास्तरांच्या बुबुळांवरचा पारदर्शक पडदा चारचौघांसारखा गोल राहिला नव्हता, तो निमुळता होत पुढे आला होता. अशा डोळ्यांना चष्मा हरतो. त्यांना एका गिऱ्हाइकाची दोन नाकं दिसत. त्यातलं खरं कोणतं, हा अंदाज बराच काळ बरोबर येत गेला. मग एकदा एका निवृत्त हेडमास्तरांच्या कानाच्या पाळीने तो चुकवला. हेडमास्तर “काही नाही, काही नाही” म्हणत कानाला कापूस लावून गेले, ते पुढच्या महिन्यापासून समोरच्या दुकानात बसलेले दिसू लागले.

त्याच दिवशी थोरल्या मास्तरांनी, म्हणजे वडिलांनी, मुलाच्या हातातला वस्तरा काढून घेतला, पुसला, मिटला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

“कात्री चालव. केस चुकला तर वाढतो. कातडं चुकलं तर गिऱ्हाईक जातं. वस्तरा मी सांगेन तेव्हा.”

तेव्हापासून दुकानातल्या सगळ्या दाढ्या म्हातारा करत होता, गुडघ्याला पट्टा बांधून. आणि एवढा बापई माणूस बापाच्या खिशाकडे बघत कात्री चालवत होता. बायको समजूत काढायची, “अहो, वस्तराच गेलाय ना, राज्य तर नाही गेलं?” पण ते त्यांचं राज्यच होतं.

मॅडमकडच्या लेन्स नेहमीच्या नव्हत्या. कोटाच्या बटणाएवढी कडक वाटीच ती. बुबुळाला न शिवता डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकणारी. तिच्यात सलाईन काठोकाठ भरायचं, तोंड जमिनीकडे करायचं आणि भरलेली वाटी तशीच वर डोळ्याला लावायची. थेंबभर सांडलं की तेवढी हवा आत शिरते आणि बुडबुडा होऊन बरोबर नजरेच्या वाटेत ठाण मांडते. मॅडमनी मनगट धरून लेन्स बसवून घेतली की धाकटे मास्तर तक्त्यावरची शेवटची ओळ तर वाचतच, वर तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचून दाखवत. दुकानात मात्र धुकं.

दोनदा लेन्स बदलून झाल्या होत्या. यावेळीही जमलं नाही तर ऑपरेशन, आणि मग पुढे वर्षभर डोळ्यांना जपायचं, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. वर्षभर म्हाताऱ्याचा गुडघा टिकणार नव्हता, आणि गुडघ्याबरोबर दुकानही.

मॅडमनाही कामाचा अभिमान कमी नव्हता. आपली लेन्स कुणाच्या डोळ्यात आहे हे कुणालाच कळू नये, यात त्यांची सगळी कला होती. त्यामुळे कीर्ती पसरायची काही सोय नव्हती.

“उद्या दुकानात येते,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर घाला.”

“पुरुषांचं सलून आहे, मॅडम.”

“मला दाढी करायची नाहीये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, तेव्हा बाकावरच्या दोघा गिऱ्हाइकांनी पाय खाली घेतले आणि राजकारणावरची चर्चा घाईने हवामानावर आणली. थोरले मास्तर खुर्चीतल्या तिसऱ्याच्या गालाला साबण लावत होते. धाकट्या मास्तरांनी हात धुतले. मॅडमनी दिलेल्या रबरी दांडीच्या टोकावर लेन्स बसवली, सलाईन भरलं, मान खाली घातली. सगळं यथासांग. आणि डोळ्यापासून दोन बोटांवर आल्यावर मनगटाने एक बारीक हिसका दिला. छट्! आरशावर दोन थेंब उडाले.

“थांबा. आत्ता काय केलंत?”

“घातली.”

“त्याच्या आधी?”

“कुठे काय?”

“झटकलं त्याने,” थोरले मास्तर वळून म्हणाले. त्यांचा स्वर शाळेत पोराचा पहिला नंबर ऐकलेल्या बापाचा होता. “ओली वस्तू तोंडाजवळ न्यायची तर आधी झटकायची. ठिबकता कामा नये. बोटांवर कंगवा मारमारून शिकवलंय मी. याच्या हातून कुणाच्या कॉलरवर थेंब पडलेला दाखवा, दुकान बंद करतो.”

“नाही पडत ना,” मॅडम म्हणाल्या. “तोच सगळा घोटाळा आहे. मी आपली लेन्स बदलत बसले.”

धाकट्या मास्तरांनी पुन्हा लेन्स भरली. छट्! मग मनगटाला मनातल्या मनात दम देऊन पुन्हा. छट्!

“श्वास धरून बघा, मास्तर,” बाकावरून सल्ला आला.

“श्वासाचा काय संबंध?”

“नाही, आपलं सुचलं.”

थोरल्या मास्तरांचा हात हवेतच राहिला होता. “चांगली म्हणून लावली सवय,” ते पुटपुटले, “तीच नडली का रे तुला?”

धाकट्या मास्तरांना डोळ्यांपेक्षा हे जास्त झोंबलं.

“सवयीला नाव ठेवायचं नाही, बाबा,” ते म्हणाले. “या हातांनाच दुसरं काम देतो.”

दांडी उभी रोवायला काही मिळतं का, हे त्यांनी इकडेतिकडे बघितलं. साबणाचा मग उचलला, तो मॅडमनी नाकारला. पावडरचा डबा उचलला, तोही नाकारला. शेवटी सलाईनच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडात दांडी गच्च बसली. तिच्यावर लेन्स काठोकाठ भरून उभी राहिली. एका हाताने वरची पापणी धरली, दुसऱ्याने खालची. आता झटकायला हातात काहीच नव्हतं. आजवर लोकांच्या माना त्यांनी बेसिनवर हव्या तशा वाकवल्या होत्या. स्वतःची वाकवताना ती बरीच ताठ असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पण वाकली. डोळाच लेन्सपाशी गेला.

मॅडमनी बॅटरी मारून पाहिलं.

“नाही.”

“काय नाही?”

“बुडबुडा.”

दुसरा डोळाही तसाच झाला. धाकटे मास्तर सरळ उभे राहिले. बाकावरच्या सल्लागाराला एकच नाक होतं, आणि तेही फारसं बघण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी वडिलांकडे पाहिलं. जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचे पुंजके राहून गेले होते. कानाजवळ बारीकशी जुनी खपली होती. म्हातारा स्वतःची दाढी स्वतः करायचा, आणि हे इतके महिने कुणाला दिसलं नव्हतं.

“बसा, बाबा.”

“कशाला?”

“बसा म्हणतो ना.”

खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालावर साबण घेऊन आपणहून उठलं. “बसा बसा, मला कुठे जायचंय?”

थोरल्या मास्तरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम सलाईनच्या दुसऱ्या बाटलीचं झाकण लावण्यात गढल्या होत्या. मग थोरल्या मास्तरांनी खिशातून वस्तरा काढला, उघडला, उजेडात धरून धार बघितली आणि मुठीकडून पुढे केला. खुर्चीत बसले.

साबण झाला. पहिला हात कानापासून हनुवटीपर्यंत आला, तेव्हा म्हातारा आरशात डोळे वटारून पहारा देत होता. दुसऱ्या हाताला नजर जरा सैल झाली. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा पापण्या मिटल्या. मॅडमची तिकडे दवाखान्यात रांग लागली असणार, तरी त्या दारातच उभ्या होत्या.

थोड्या वेळाने खुर्चीतून घोरण्याचा आवाज यायला लागला.

बाकावरचा सल्लागार काहीतरी बोलणार होता. धाकट्या मास्तरांनी त्याला नजरेनेच गप्प केलं, वडिलांची कललेली मान डाव्या हाताने हलकेच सावरली आणि जबड्याखालचा राहिलेला भाग करायला घेतला.